बाब, फस्ल आणि फोल्डर

मराठीतला 'फेरिस्त' हा शब्द आता जुन्या कागदांतच भेटतो. फेरिस्त म्हणजे यादी. उर्दूत आम्ही आजही 'फेहरिस्त' म्हणतो. शब्द मुळात फारसी. अरबांनी तो घेतला आणि 'फिहरिस्त' केला. बगदादमध्ये इब्न अन-नदीम नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. हिजरी 377 मध्ये, म्हणजे इसवी सन 987-88 च्या सुमारास, त्याने आपल्या काळापर्यंतच्या अरबी ग्रंथांची मोठी सूची तयार केली. तिचे नावच 'अल-फिहरिस्त'. दहा भाग, आणि भागांच्या पोटात विषयवार विभाग.

'दप्तर' या शब्दाचा प्रवासही असाच लांबचा. ग्रीक भाषेत तो कातड्यासाठी होता. अरबी-फारसीत तो नोंदवही झाला, पेशवाईत सरकारी कागदांचा साठा झाला आणि आज माझ्या वर्गातल्या मुलांच्या पाठीवरची पिशवी आहे.

हे दोन शब्द मी मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. दप्तर म्हणजे साठा. फेरिस्त म्हणजे त्या साठ्यात शिरायची वाट. आपल्या समाजात गेली काही वर्षे "कागद जपून ठेवा" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आजोबांचे नाव असलेली नोंद. जपण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. जपलेले वेळेवर हाती कसे यावे, याबद्दल फारसे बोलत नाही. जुन्या लोकांनी मात्र यावर फार खोल विचार केला होता.

आठव्या शतकात बसरा शहरात खलील इब्न अहमद हे मोठे भाषापंडित होऊन गेले. अरबी छंदशास्त्राचा पाया त्यांनीच घातला. अरबी भाषेतले सगळे शब्द एका कोशात आणायचे त्यांनी ठरवले. पण ते कोणत्या क्रमाने मांडायचे? अलिफ, बे, ते हा क्रम समोर होता. खलील यांनी तो घेतला नाही. अक्षर तोंडात कुठून उच्चारले जाते हे पाहून त्यांनी नवा क्रम लावला. सुरुवात घशातल्या 'ऐन'पासून, शेवटाकडे ओठांची अक्षरे. म्हणून कोशाचे नाव 'किताब अल-ऐन'.

पुढची कल्पना आणखी धाडसी होती. अरबी शब्दाचे मूळ बहुधा तीन अक्षरांचे असते. तीन अक्षरे सहा प्रकारे मांडता येतात. खलील यांनी त्या सहाही मांडण्या एकाच ठिकाणी ठेवल्या. 'काफ-ते-बे' हे लिहिण्याचे मूळ काफच्या विभागात, आणि तीच अक्षरे उलटसुलट करून होणारी इतर मुळेही तिथेच, कारण या तिघांत घशाच्या सर्वांत जवळ काफ आहे. भाषेत कोणती मांडणी वापरात आहे आणि कोणती नाही, हे त्यामुळे एका नजरेत दिसे. भाषेचा हिशेब मांडणाऱ्यासाठी ही पद्धत अप्रतिम होती. शब्द शोधणाऱ्यासाठी मात्र अवघड. अक्षरे कुठून उच्चारली जातात हे पाठ असल्याशिवाय पान उघडायचे कुठे, हेच कळत नसे.

सुमारे दोन शतकांनी हा प्रश्न दुसऱ्याने वेगळ्या रीतीने सोडवला. इस्माईल जौहरी हे मूळचे फाराबचे, म्हणजे आजच्या कझाकस्तानातले. आयुष्याचा शेवट खुरासानमधल्या निशापूरला झाला. लाकडी पंख बांधून उडायला गेले आणि पडून वारले, अशी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. त्यांच्या कोशाचे नाव 'सिहाह'. त्यात त्यांनी नेहमीचीच वर्णमाला वापरली, पण दोन पायऱ्यांत. आधी मुळाचे शेवटचे अक्षर पाहायचे. त्यावरून 'बाब' ठरतो. मग पहिले अक्षर पाहायचे. त्यावरून त्या बाबातला 'फस्ल' ठरतो. 'काफ-ते-बे' हवे असेल तर बे हा बाब आणि त्यातला काफ हा फस्ल.

शेवटचे अक्षर आधी का? अभ्यासक दोन कारणे देतात. एक म्हणजे यमक शोधणाऱ्या कवींची आणि सजवून लिहिणाऱ्या कातिबांची सोय. दुसरे असे की अरबी शब्दाच्या पुढच्या बाजूला निरनिराळी अक्षरे येऊन चिकटतात, त्यामानाने मुळाचे शेवटचे अक्षर स्थिर राहते.

आता थोडा हिशेब करू. अरबीत 28 अक्षरे. 28 बाब आणि प्रत्येकात 28 फस्ल धरले तर कागदावर 784 कप्पे होतात. प्रत्यक्षात काही कप्पे रिकामे किंवा जोडलेले आहेत, पण ते सोडून देऊ. 'सिहाह'मध्ये सुमारे 40 हजार नोंदी असल्याचे सांगतात. क्रम न लावलेल्या 40 हजार नोंदींतून एक शोधायची तर सरासरी 20 हजार चाळाव्या लागतील. दोन अक्षरे पाहून कप्पा गाठला की समोर उरतात सरासरी 51. पुढे इब्न मंजूर यांनी 'लिसान अल-अरब' हा अवाढव्य कोश रचला, फिरोजाबादी यांनी 'कामूस' रचला. दोघांनी हीच बाब-फस्लची मांडणी ठेवली.

आपल्या मराठी मुलखातही हाच विचार दुसऱ्या वाटेने आला होता. पेशव्यांच्या दप्तरात रोजचा जमाखर्च तारखेच्या क्रमाने 'रोजकीर्दी'त लिहिला जाई. जे घडले ते घडले त्या दिवशी. पण एखाद्या सरदाराचा वर्षाचा हिशेब हवा असेल तर तारखा चाळून भागत नाही. त्यासाठी त्याच नोंदी खात्यांप्रमाणे पुन्हा उतरवायच्या, ती 'खतावणी'. रोजकीर्द लिहिणाऱ्याच्या सोयीची, खतावणी शोधणाऱ्याच्या सोयीची. पुण्याच्या पेशवे दप्तरात हे कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. 1930 च्या आसपास रियासतकार सरदेसाई यांनी त्यातून निवड करून 45 खंड छापून आणले. रुमाल फेरिस्तीशिवाय सोडायला बसलो तर एक आयुष्य पुरणार नाही.

कॉम्प्युटरमधली डिरेक्टरी, जिला आपण फोल्डर म्हणतो, तीही एक फेरिस्तच आहे. डाव्या बाजूला फाइलचे नाव, उजव्या बाजूला ती डिस्कवर कुठे आहे त्याचा पत्ता. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर ही झाडासारखी रचना 1965 मध्ये मल्टिक्स या प्रणालीसाठी मांडली गेली. घरोघरच्या पीसीवर ती 1983 मध्ये एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. जुन्या प्रणालींत ही यादी वरून खाली वाचली जाई. शंभर नावे असतील तर सरासरी पन्नास वाचायची. काही जाणवत नसे. पण एकाच फोल्डरात पन्नास हजार फाइली कोंबल्या की मशीनलाही धाप लागे.

त्यावर दोन उपाय निघाले. पहिला बाब-फस्लचा, म्हणजे मोठा फोल्डर फोडून लहान करायचा. दुसरा उपाय आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी जानेवारी 1953 मध्ये एका टिपणात मांडला. ज्या क्रमांकाने नोंद ओळखली जाते त्याच क्रमांकावर एक छोटे गणित करायचे आणि येणारे उत्तर हाच कप्प्याचा क्रमांक मानायचा. यादी वाचायचीच नाही, सरळ कप्प्यापाशी जायचे. याला हॅशिंग म्हणतात. आज प्रोग्रामर मंडळी वापरतात त्या 'गिट' या साधनात दोन्ही उपाय एकत्र दिसतात. 2005 साली ते तयार झाले. त्यात प्रत्येक फाइलला गणिताने काढलेले लांब नाव मिळते आणि त्या नावाच्या पहिल्या दोन चिन्हांवरून 256 फोल्डरांपैकी एक ठरतो. गणित असे असते की सगळे फोल्डर जवळपास सारखे भरतात.

सारखे भरणे, ही गोष्ट आपल्या शाळांसाठी महत्त्वाची आहे. एका जुन्या शाळेत मी स्कॅन केलेली जनरल रजिस्टरे पाहिली. हजारो पानांचे फोटो 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', 'सर का फोल्डर' अशा ठिकाणी पडले होते आणि प्रत्येकाचे नाव कॅमेऱ्याने दिलेला आकडा. आजोबांची नोंद शोधायला आलेल्या तरुणाला "पुढच्या आठवड्यात या" असे तिसऱ्यांदा सांगण्यात आले. तो बागवान समाजातला होता. ओबीसीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. पुरावा त्याच खोलीत होता. त्याच्या प्रवेशाची तारीख मात्र थांबणार नव्हती.

जनरल रजिस्टर ही आपली रोजकीर्द आहे. मूल ज्या क्रमाने दाखल झाले तो क्रमांक. समजा एका शाळेत असे 12 हजार क्रमांक आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदीची एक फाइल केली आहे. क्रमांक पाच आकडी लिहून पहिल्या दोन आकड्यांवरून फोल्डर केले तर जेमतेम बारा फोल्डर होतात आणि प्रत्येकात हजार फाइली. शेवटच्या दोन आकड्यांवरून केले तर 00 ते 99 असे शंभर फोल्डर आणि प्रत्येकात 120. उद्या हजार मुले वाढली तरी प्रत्येक फोल्डरात दहाच फाइली वाढतील. मोठ्या रुग्णालयांत कागदी केसपेपर याच रीतीने लावण्याची पद्धत आहे. जौहरींची कारणे वेगळी होती, पण शेवटापासून सुरुवात करण्यात शहाणपण असते हे इथेही खरे ठरते.

अडचण पुढे आहे. शोधायला येणाऱ्याकडे क्रमांक नसतो, नाव असते. म्हणून खतावणी हवी, नावावरून क्रमांक सांगणारी. आणि आपल्या उर्दू शाळेत आडनावाच्या पहिल्या अक्षराने यादी करून पाहा. 'श'मध्ये शेखांची गर्दी, 'स'मध्ये सय्यदांची, 'प'मध्ये पठाणांची, आणि 'ळ' कायमचा रिकामा. शिवाय एकच माणूस एका पानावर जाकीर, दुसऱ्यावर झाकीर. एका ठिकाणी शेख, दुसऱ्या ठिकाणी शेक.

हा प्रश्न अमेरिकेलाही पडला होता. 1918 मध्ये रॉबर्ट रसेल यांनी 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे आणि उरलेली व्यंजने उच्चाराच्या गटांप्रमाणे आकड्यांत बदलायची. ओठांची अक्षरे एका गटात, दातांची दुसऱ्या. बसऱ्याच्या खलील यांची आठवण येते ती इथे. इंग्रजीत शेख हे आडनाव 'ए-आय' घालून लिहा, 'ई-आय' घालून लिहा किंवा नुसता 'ई' घालून. साउंडेक्स तिन्हींना एस 200 हाच संकेत देते. सय्यदची सगळी स्पेलिंगे एस 300 मध्ये येतात. मात्र मोहम्मद पूर्ण लिहिला तर एम 530 आणि 'एम-ओ-एच-डी' असा आखूड केला तर एम 300. तेव्हा आखूड नाव आधी पूर्ण करून घ्यायला हवे.

अमेरिकेने ही पद्धत कशासाठी वापरली ते पाहण्यासारखे आहे. 1935 मध्ये तिथे सोशल सिक्युरिटीचा कायदा आला. म्हातारपणी पेन्शन मिळणार, पण वयाचा पुरावा हवा. असंख्य लोकांकडे जन्मदाखला नव्हता. तेव्हा सरकारने 1880 च्या जनगणनेतल्या दहा वर्षांच्या आतली मुले असलेल्या घरांची साउंडेक्स पद्धतीने कार्डे करवून घेतली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कागदातून म्हाताऱ्या माणसाचे बालपण शोधून काढले आणि त्याचा हक्क त्याला दिला. ते काम सरकारने केले, अर्जदारावर ढकलले नाही.

आपल्याकडे शाळांची रजिस्टरे आहेत, काझींकडे निकाहच्या वह्या आहेत, कब्रस्तानांच्या नोंदी आहेत. कुठे कुठे त्यांचे स्कॅनिंगही झाले आहे. पुढचे काम खर्चाचे नाही, बैठकीचे आहे. फाइलला नोंदीचा क्रमांक द्यावा, शेवटच्या दोन आकड्यांनी शंभर फोल्डर करावेत. मग एका साध्या तक्त्यात नाव, वडिलांचे नाव, गाव, साल आणि क्रमांक उतरवावा. त्याच ओळीत नावाचे मात्रा गाळलेले रूपही लिहावे: झाकीर असो वा जाकीर, दोन्हींसाठी 'जकर', शेख असो वा शेक, दोन्हींसाठी 'शक'. नववी-दहावीची दोन-चार मुले आणि जुनी अक्षरे वाचता येणारे एक निवृत्त गुरुजी सुट्टीत बसले तर एका रजिस्टराची फेरिस्त तयार होते. त्यानंतर नोंद मागायला येणाऱ्याला पुढच्या आठवड्यात बोलावण्याचे कारण उरत नाही.