टिपूचा तंबू आणि आपले पेशवे



टिपू सुलतान विरुद्ध कंपनी सरकार हा विषय आपल्याला शाळेत दोन परिच्छेदांत शिकवला. त्या लढाईचा उरलेला ऐवज मात्र इथे वेल्समध्ये आहे. वेल्शपूलच्या पोविस कॅसलमध्ये टिपूचा तंबू ठेवलाय. छापील सुती कापड, पांढऱ्या जमिनीवर फुलदाण्या आणि फुलं. शेजारी त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं, रत्नजडित वाघाचं डोकं.

ते इथे आलं कसं? ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू लढताना मेला आणि शहराची लूट झाली. तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता एडवर्ड क्लाइव्ह, म्हणजे प्लासीवाल्या क्लाइव्हचा मुलगा. त्याची बायको हेन्रिएटा पोविसच्या घराण्यातली. १८०० मध्ये ती मुलींना घेऊन म्हैसूर मुलूख फिरूनही आली. पुढे तिचा भाऊ वारला, पोविस क्लाइव्ह घराण्याकडे आलं आणि त्याबरोबर हा सगळा संग्रहही. सरळ हिशेब!

मला तिथे उभं राहून राग आला, हे खरं. पण तो नुसता इंग्रजांवर काढून चालत नाही हो. १७९० मध्ये पुण्यात कंपनीशी तह करून टिपूवर चालून जाणारे आपलेच. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून बसले, हरिपंत फडके फौज घेऊन खाली उतरले. नाना फडणवीसांकडे कारणं होती. टिपूने १७८५ मध्ये नरगुंद घेतलं होतं, ते दुखणं ताजं होतं. पण त्याच मोहिमेत १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठाला मदत पाठवली ती टिपूने! हे आपण फारसं बोलत नाही.

मार्च १७९२ च्या तहात टिपूचं निम्मं राज्य गेलं, वर तीन कोटी तीस लाखांची खंडणी. दोन मुलगे कॉर्नवॉलिसकडे ओलीस. मुलूख कंपनी, निजाम आणि पेशवे यांनी वाटून घेतला. आपली हद्द तुंगभद्रेला भिडली.

माझ्या मते खरा डाव इथेच हरला. मध्ये टिपू होता तोवर दक्षिणेत कंपनीला मागे बघावं लागत होतं. १७९९ च्या स्वारीत पेशव्यांची फौज गेली नाही. नंतर कंपनीने अटी घालून थोडा मुलूख देऊ केला, तोही दुसऱ्या बाजीरावाने घेतला नाही. तोपर्यंत उशीर झाला होता. १८०० मध्ये नाना गेले, ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांची फौज मोडणारा आर्थर वेलस्ली कोण? श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथला कारभार ज्याच्या हाती दिला होता, तोच.

असो. कार्डिफहून ट्रेनने जाणार असाल तर श्रूजबरीला गाडी बदलावी लागते. तंबू बागेत नाही, आत क्लाइव्ह म्युझियममध्ये आहे.