प्रेस ब्रेक
धातूचा पत्रा सरळ रेषेत वाकवणारे यंत्र. कारखान्यात याला नुसते ‘बेंडिंग मशीन’ म्हणतात. पत्रा खालच्या व्ही-डायवर ठेवून वरून पंच दाबला जातो. यंत्राची ओळख टनेज आणि लांबीने होते, उदा., १०० टन, ३ मीटर; पण एवढ्यावर यंत्र निवडणे धोक्याचे.

लागणारा दाब जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि डायचे तोंड रुंद केले की घटतो. तोंड साधारणपणे जाडीच्या आठपट घेतात. ३ मिमी माइल्ड स्टीलला २४ मिमी डायवर मीटरमागे सुमारे २५ टन लागतात, म्हणजे ३ मीटर पत्र्याला ७५ टन. ४ मिमीला, ३२ मिमी डायवर, वरचे १०० टनी यंत्र जेमतेम पुरते. स्टेनलेसला दीडपट दाब धरावा, मऊ अ‍ॅल्युमिनियमला निम्मा. रुंद डायने दाब वाचतो, पण आतली त्रिज्या वाढते आणि आखूड कड डायवर टेकतच नाही.

टनेज पूर्ण लांबीवर विभागलेले गृहीत असते. सगळा भार वीतभर तुकड्यावर टाकल्यास हत्यार किंवा बेड कायमचा बिघडतो. दोन खांबांमधले अंतर, घशाची खोली, स्ट्रोक यांकडे गिऱ्हाइकाचे लक्ष उशिरा जाते. लांब यंत्रात बेड मध्यभागी लवतो, म्हणून क्राउनिंगची, म्हणजे मध्यभाग किंचित उचलून ही लवण भरून काढण्याची, सोय असते.