चित्रपटांचे घरगुती दप्तर : उमरगा परिसराच्या निमित्ताने काही विचार

मराठवाड्याच्या इतिहासाची साधने धुंडाळणाऱ्यास कागद, शिलालेख व पोथ्या यांची सवय असते. दूरदर्शनसंचाखालच्या खणात धूळ खात पडलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांनाही साधन म्हणावे, हे त्याला एकाएकी पटणार नाही. तथापि २००० सालाच्या मागेपुढे या प्रदेशातील कुटुंबांनी घरात बसून काय पाहिले, कोणत्या भाषेत पाहिले व कोणते चित्रपट पदरचे पैसे मोडून संग्रही ठेवण्याजोगे मानले, याचा पुरावा जर कोठे उरला असेल, तर तो बहुतांशी याच खणात आहे. हा पुरावा सध्या झपाट्याने रूप पालटीत आहे. नव्या संगणकांना तबकडीचा खण क्वचितच असतो. म्हणून हौशी संग्राहक आपला संग्रह घरच्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतात, तो संगणक दूरदर्शनसंचाला जोडतात आणि तबकड्या रद्दीत काढतात. चित्रपट वाचतो आणि दप्तर नाहीसे होते, असा प्रकार येथे घडू पाहत आहे. प्रस्तुत लेखात या स्थलांतराचा विचार इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीने केला आहे.

उमरगा हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील तालुक्याचे ठिकाण. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात, अशी त्याची राजकीय वाटचाल आहे. तालुक्याची हद्द कर्नाटकाला भिडलेली; कानांवर मराठीबरोबर कन्नड आणि दखनी उर्दू पडते, आणि रस्ता तसाच पूर्वेस धरला की तेलुगू मुलूख लागतो. अशा ठिकाणच्या घरगुती संग्रहाला पुण्यामुंबईचे माप लावता येणार नाही. डबीवरील किमतीची चिठ्ठी सोलापूरच्या दुकानाची की हैदराबादच्या, हे येथे निरर्थक नाही. त्यावरून बाजाराची वाट कळते. व्यापारी मार्गांच्या अभ्यासात आपण जकातीच्या कागदांना जे स्थान देतो, त्याच्या जवळपासचे स्थान या चिठ्ठीला देण्यास हरकत नसावी.

तबकडीचा काळ तसा अल्पायुषी ठरला. व्हीसीडीचे प्रमाण १९९३ साली ठरले. तीवर सुमारे ७४ ते ८० मिनिटांचे चित्र मावे. त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट दोन, कधी तीन तबकड्यांत विभागला जाई, आणि मध्यंतराशी काही एक संबंध नसलेल्या ठिकाणी उठून तबकडी बदलावी लागे. डीव्हीडी १९९६ साली जपानात प्रथम विक्रीस आली. तिच्या एका थरात ४.७ गिगाबाइट व दोन थरांत ८.५ गिगाबाइट मजकूर राहतो. जगाचे सहा व्यापारी विभाग पाडून निर्मात्यांनी भारताला पाचव्या विभागात टाकले होते. व्यवहारात मात्र घरोघर या सर्वांना 'सीडी' हेच नाव रूढ झाले. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास आरंभ केला, तेव्हा अस्सल तबकडीची किंमत चोरट्या नकलेच्या जवळ येऊन ठेपली. पुढे इंटरनेटने हा बाजार मोडला आणि २०१८ साली ती कंपनीच अवसायनात निघाली.

मुद्रित फितीचे भवितव्य आपल्याकडे काय झाले, हे येथे आठवणे अस्थानी होणार नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची चार रिळे होती. आज पहिले व शेवटचे तेवढे उपलब्ध आहे. तीही मूळची नसून १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. १९३१ चा 'आलम आरा' समूळ नष्ट झाला. त्यामुळे उपलब्ध भारतीय बोलपटांत सर्वांत जुना होण्याचा मान प्रभातच्या १९३२ मधील 'अयोध्येचा राजा'कडे आला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत त्याच्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. म्हणजे सरकारी संग्रहही अभेद्य नसतो. पाच-सहा घरांतून पसरलेल्या प्रती कधीकधी एका मोठ्या कोठारापेक्षा अधिक टिकतात, हे पोथ्यांच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धामधुमीत हरवल्यावर महानुभावांनी तो ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध केला, ही परंपरा सर्वश्रुत आहे. आणि त्यातूनच पाठभेदांचा प्रश्न उभा राहिला, हेही तितकेच सर्वश्रुत आहे.

पाठभेदांचा तोच प्रश्न तबकडीच्या बाबतीतही येतो, व आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. तबकडीवरील चित्रपट म्हणजे मूळ चित्रपट, असे गृहीत धरता येत नाही. काही वेळा गाणी गाळलेली असतात, काही वेळा चौकटीच्या दोन्ही बाजू छाटलेल्या असतात. ही तपासणी करण्याचे एक साधे साधन बहुतेक तबकड्यांच्या आरंभीच सापडते, आणि प्रेक्षक नेमके तेच ओलांडून पुढे जातो. ते म्हणजे परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र. त्यावर भाषा, तारीख, अर्जदाराचे नाव व चित्रपटाची लांबी दिलेली असते. जुन्या प्रमाणपत्रांत फुटांत, नंतरच्यांत मीटरांत. ३५ मिलिमीटरची फीत सेकंदास २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर सरकते. समजा, प्रमाणपत्रावर ४००० मीटर लांबी आहे. तर चित्रपट सुमारे १४६ मिनिटांचा असला पाहिजे. परंतु पाल पद्धतीच्या तबकडीवर चित्र सेकंदास २५ चौकटींनी धावते, म्हणून तीच लांबी १४० मिनिटांत संपते. ही सहा मिनिटांची तूट खरी तूट नव्हे. घाईने गणित करणारा येथे हमखास फसतो. भारतात निघालेल्या पुष्कळ डीव्हीडी अमेरिकी एनटीएससी पद्धतीच्या आहेत आणि त्यांत हा फरक जवळजवळ पडत नाही, तेव्हा तबकडीची पद्धत आधी पाहून घ्यावी. एवढे करूनही पालच्या तबकडीवर १२२ मिनिटेच भरली, तर अठरा मिनिटे कोणीतरी काढली आहेत असे समजावे. ती मंडळाने काढली की तबकडी काढणाऱ्याने, हा पुढचा शोध. प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण असेल, तर मंडळाने काटछाट सुचविली होती हे उघड आहे. मात्र ती लांबीत आधीच वजा झालेली असण्याचा संभव लक्षात घ्यावा.

आता संगणकावर उतरवून घेताना घडते ते असे. जागा वाचावी म्हणून पुष्कळजण केवळ मुख्य चित्रपट घेतात. प्रमाणपत्र, कंपनीची बोधचिन्हे, पुढल्या चित्रपटांच्या जाहिराती, उपशीर्षके व निवडसूची सोडून देतात. व्हीसीडीचे दोन भाग सांधून एक करतात. वर पुन्हा दाबून लहान करतात, त्यात चित्र आणखी एकदा उणावते. सोयीच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. परंतु पोथीची नक्कल करताना पुष्पिका गाळणारा लेखक आणि हा संग्राहक यांत फारसा भेद नाही. पुष्पिकेतच लेखकाचे नाव, शक व गाव असते. जागेची सबब आता पूर्वीइतकी खरीही राहिलेली नाही : चार टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कवर एकथरी डीव्हीडीच्या साडेआठशेच्या आसपास अखंड प्रती मावतात. तालुक्याच्या गावात एवढा संग्रह असणारे घर विरळाच. तेव्हा संपूर्ण तबकडीची जशीच्या तशी प्रतिमा एकदा करून ठेवावी आणि रोजच्या पाहण्यासाठी तिच्यावरून लहान प्रत करावी, हा मार्ग आम्हास ग्राह्य वाटतो. डबीच्या कव्हराचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. फायलीला नाव देताना चित्रपट, वर्ष, भाषा व तबकडी काढणारी कंपनी इतके तरी लिहावे. 'नवीन १', 'मराठी २' अशा नावांचा पुढील पिढीस काडीचा उपयोग होणार नाही.

यात कायद्याची अडचण आहे काय, अशी शंका रास्त आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधन धरून, रास्त वापरास मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने अशा कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करणे हा भंग नव्हे, असे स्पष्टीकरणही जोडले. त्याच दुरुस्तीने आलेले कलम ६५अ तबकडीवरील कुलूप तोडण्यास शिक्षा सांगते. परंतु तेथे हक्कभंगाचा हेतू ही अट आहे. विकत घेतलेल्या तबकडीची स्वतःपुरती प्रत आणि ती पेनड्राइव्हवर गावभर वाटणे, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एक नाहीत. मूळ तबकडी जपून ठेवण्याचे हे आणखी एक कारण : ती खरेदीचा पुरावा आहे.

जपणुकीविषयी थोडे. साध्या सीडीत व व्हीसीडीत ॲल्युमिनियमचा थर छापील बाजूच्या लगेच खाली, केवळ लाखेच्या पातळ लेपाने झाकलेला असतो. म्हणून बॉलपेनने त्या बाजूवर नाव लिहिणे हे खालची बाजू खरवडण्यापेक्षा अधिक घातक ठरते. घरी मुद्रित केलेल्या तबकड्यांत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन व उष्णता यांनी तो लवकर बिघडतो, आणि धाराशिव जिल्ह्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडणारा असतो. लग्नकार्ये, जत्रा, गावच्या नाटकांचे प्रयोग हे सारे अशाच तबकड्यांवर आहे, व त्यांची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. संग्राहकाने चित्रपटांच्या आधी या तबकड्या उतरवून घ्याव्यात, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. 'संत तुकाराम'ची प्रत इतरत्र मिळेल. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविलेला तो चित्रपट जगाला ठाऊक आहे. आपल्या आळीतील भजनी मंडळाचे मुद्रण इतरत्र मिळणार नाही.

हार्ड डिस्कही मर्त्यच आहे, आणि बहुधा पूर्वसूचना न देता बंद पडते. निदान दोन प्रती हव्यात, व दोन्ही एका छपराखाली नसाव्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपात त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूरसारखी गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे दगावली तेथे वस्तूंचा हिशेब कोण ठेवणार. परंतु घरोघरचे कागद, छायाचित्रे, पोथ्याही त्याच भिंतींखाली होत्या. दुसरी प्रत लातूरला, सोलापूरला किंवा नोकरीनिमित्त पुण्यास गेलेल्या मुलाकडे ठेवावी. वर्षातून एकदा, दिवाळीस तो घरी आला की दोन्ही ताडून पाहाव्यात, आणि कव्हरांच्या छायाचित्रांसह संग्रहाची एक छापील यादी मूळ तबकड्यांच्या पेटीत घालून ठेवावी.