चित्रवहीचं पहिलं पान: गंगाराम तांबट ते दापुरीचा निनावी चित्रकार

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण हल्ली चित्रवही विकत घेतात. कागद जाड असतो, पेन्सिली नव्या असतात, आणि पहिलं पान महिनाभर कोरंच राहतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मला कुठं चित्र काढता येतं?" मला हे कारण फारसं पटत नाही. नेमकं काय बघायचं हेच ठरलेलं नसतं, म्हणून हात अडतो. आपल्याकडे अभ्यासासाठी ज्यांनी चित्रं काढली, त्यांची सुरुवात कशी झाली ते बघितलं तर मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

पहिला माणूस गंगाराम चिंतामण तांबट. काळ सवाई माधवराव पेशव्यांचा, शहर पुणे. (मी शिरूर कासारचा. आमच्या गावाच्या नावात कासार, या चित्रकाराच्या नावात तांबट, दोन्हीकडे धातूची भांडी आलीच. त्यामुळे हा माणूस मला उगाच जवळचा वाटतो.) पुण्यातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याला इथल्या गोष्टींच्या नोंदी हव्या होत्या आणि गंगाराम त्याच्यासाठी चित्रं काढत होता. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. तिथला गेंडा गंगारामनं 1790 मध्ये काढला. पुढे पर्वतीची टेकडी काढली, वेरूळची लेणी काढली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स 1792 मध्ये पुण्यात आला, मॅलेटच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली, आणि गंगारामला युरोपीय पद्धतीची ओळख झाली. पण गेंड्याचं चित्र त्याच्या आधीचं आहे, हे विसरू नका. आधी शिकू आणि मग वही उघडू, असा त्याचा क्रम नव्हता. समोर गेंडा होता, तो कसा दिसतो हे कुणाला तरी जाणून घ्यायचं होतं, एवढं त्याला पुरलं. त्याची बरीच चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

मग तुमचा गेंडा कुठला? लांब जायची गरज नाही. सिंदफणेच्या काठावरची बाभूळ घ्या, बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ घ्या, घरातला जुना तांब्या घ्या. पण त्याला एक प्रश्न जोडा. सीताफळाचे डोळे देठाजवळ मोठे असतात की टोकाकडे? चित्र काढल्याशिवाय याचं उत्तर छातीठोकपणे देऊन दाखवा.

दुसरी गोष्ट अजिंठ्याची. सुरुवात कशी करावी यापेक्षा काय करू नये, यासाठी ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल 1844 पासून अनेक वर्षं अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्याची बहुतेक चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत गेली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून तेच काम पुन्हा हाती घेतलं. पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांपैकी. यातल्याही बऱ्याच नकला 1885 मध्ये लंडनच्याच साऊथ केन्सिंग्टनमधल्या आगीत जळाल्या. वाईट वाटतंच, पण त्याहून वाईट हे की नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश लावलं गेलं, आणि त्यानं चित्रांचं नुकसान केलं. पुढे निजाम सरकारला 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणून डागडुजी करावी लागली. (आपला बीड जिल्हाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता.) म्हणजे नोंद करणाऱ्याच्या हातूनच मूळ गोष्ट बिघडली! म्हणून चित्रासाठी फांदी तोडू नका. वही घेऊन झाडाखाली बसा, ऊन्ह लागेल, बसा तरीही.

आता माझ्या विषयाच्या, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या, जवळची गोष्ट. पुण्याजवळ दापुरीला, आजच्या दापोडीला, मुंबई सरकारची वनस्पती बाग होती. अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर तिची देखरेख करायचा. त्यानं 1847 ते 1850 या काळात बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. दीडशेहून जास्त चित्रं आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी त्यांवर 2002 मध्ये पुस्तक काढलं. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढं त्यातून समजतं, नाव मात्र मिळत नाही. गंगारामचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण त्याच्या काळात ते कुणीतरी लिहून ठेवलं. दापुरीच्या चित्रकाराचं काम जगभर बघितलं जातं आणि माणूस निनावी. तेव्हा पहिल्या पानावर आधी नाव, तारीख, ठिकाण टाका. पान कोरं राहण्याची अडचणही तिथंच मिटते.

आपल्याकडे वाळवलेले नमुने असताना चित्रं कशाला, असं प्रयोगशाळेत कुणीतरी हमखास विचारतं. उत्तर रंगात आहे. नमुना दाबून वाळवला की आकार टिकतो, रंग जातो. पण रंग लिहायचा कसा? "लाल" म्हणजे कुठला लाल? याच एडिंबरोत फुलांची चित्रं काढणाऱ्या पॅट्रिक साईमनं 1814 मध्ये रंगांच्या नावांची एक छोटी पुस्तिका काढली. भूशास्त्रज्ञ वेर्नरची पद्धत त्यानं वाढवली होती. प्रत्येक रंगाचा ठिपका, नाव, आणि तो रंग कुठल्या प्राण्यात, वनस्पतीत, खनिजात दिसतो ते. डार्विन बीगल जहाजावर तीच पुस्तिका वापरायचा.

मराठीत हे काम अर्धं झालेलंच आहे, फक्त आपण ते साड्यांच्या दुकानात सोडून आलोय. डाळिंबी, आमसुली, अबोली, गुलबक्षी, मोरपंखी, श्रीखंडी, पोपटी, चिंतामणी. आजीला विचारलं तर अजून दहा सांगेल. साईमच्या यादीसारखंच यातलं बहुतेक प्रत्येक नाव एका वस्तूला बांधलेलं आहे. वहीचं दुसरं पान याच्यासाठी ठेवा. चौकोन आखा, पाण्याच्या रंगांनी एकेक छटा जुळवा, खाली मराठी नाव लिहा, शेजारी ती कशावरून जुळवली ते लिहा. इथं चित्रकला येण्या-न येण्याचा संबंधच नाही. घरात दोघांनी वेगवेगळे चौकोन भरले तर वादही होतील: आजीची आमसुली माझ्यापेक्षा चांगलीच काळी निघाली. मग दोन्ही ठेवायच्या आणि कुणाची कुठली ते खाली लिहायचं.

फाल्गुनात पळस फुलला की एक फूल खाली पडलेलंच उचला. त्याच दिवशी, उजेड असताना, रंग जुळवून ठेवा. वर्षभरानं कागदात दाबलेल्या त्याच फुलाचा केशरी कुठच्या कुठे गेलेला असतो.