नीटच्या अर्जात नसलेला रकाना

संध्याकाळ. एमआयडीसीची पाळी सुटलीय, हिंगणा रोड तुंबलाय. क्लासची बॅग मांडीवर घेऊन तू शेअर ऑटोत बसली आहेस. डोक्यात १८० प्रश्न, ७२० गुण. डिगडोहच्या टेकडीवरचं लता मंगेशकर हॉस्पिटल रोज दिसतं. आत गेलीस ती फक्त आजीला बघायला.

डोळे मीट, काळात मागे जा. लोकमान्यनगरचं मेट्रो स्टेशन आधी गायब होतं. १९९० ओलांडलंस की टेकडीवर हॉस्पिटलचं मेडिकल कॉलेजही नाही. आता उघड. सेवाग्राम, सत्तरचं दशक.

डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या मेडिकल कॉलेजात तुझा नंबर लागलाय. पण शरीररचनेचं पुस्तक लांबच; पहिले पंधरा दिवस मुक्काम गांधीजींच्या आश्रमात. अंगावर खादी, प्रार्थना, सूतकताई, श्रमदान. मग गावातलं शिबिर. तुझ्या वाट्याला काही घरं येतात.

पहिल्याच दारात म्हातारी अडवते, "कोनाची वो पोरगी तू? सुई टोचाले आली काय?"

तू वही उघडतेस. पाणी कुठलं? "हिरीचं." लिहून घेतेस. घरातल्या लेकराला हगवण लागलीय, कारण कळत नाही. वही मिटून ओसरीवर टेकतेस, चहा घेतेस, तेव्हा ती सहज बोलून जाते, "हिरीच्या पान्यात दाळ शिजत नाही ना, मंग नाल्याचं आनतो." पाणी जड आहे. हगवणीची वाट नाल्याकडे जाते, आणि तुझ्या वहीत मात्र विहीर!

आणखी मागे, १९४० च्या आसपास. त्याच आश्रमात परचुरेशास्त्री, संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगी. लोक सावलीलाही उभे राहत नाहीत असा तो काळ. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करताहेत. तू दोन पावलं मागे सरकतेस. सरकलीस, हे तुझं तुलाच कळतं. नीटची कुठलीच टेस्ट सिरीज हे सांगत नाही.

ऑटो हिंगण्यात थांबतो. एमबीबीएसला गेलीस की कुटुंबं दत्तक घ्यावी लागतीलच. २०२१-२२ च्या तुकडीपासून तसा नियमच आहे. तोवर थांबायचं कशाला? आरोग्य केंद्रात विचार, आशाताईंबरोबर लसीकरणाच्या दिवशी जा. सुईला हात लावू नकोस. बाळांची वजनं लिही, रांग लाव, रडणं ऐक, आयांशी बोल. एक गुणही वाढणार नाही. पण एवढं करूनही डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर अर्ज बिनधास्त भर.