संवेदकांच्या हाती इंजिन

कार्ब्युरेटरच्या काळात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण जेट (इंधनाचे बारीक छिद्र) व व्हेंचुरी (हवेची अरुंद वाट) ठरवीत. कॅलिफोर्नियातील धूरविरोधी नियम कडक झाले, तेव्हा ही जुळवणी अपुरी पडू लागली. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी प्रणाली फोक्सवॅगन १६०० या मोटारीत आली. तिच्या दाबसंवेदकात हवाबंद धातूच्या डब्या असत. इनटेक मॅनिफोल्डमधील दाब बदलला की त्या फुगत किंवा आक्रसत, वेटोळ्यातील लोखंडी गाभा सरकवीत आणि त्यातून बदलणारा विद्युतसंकेत नियंत्रकाकडे जाई. तापमानाचा संकेत वेगळ्या संवेदकाकडून येई. पेट्रोल केव्हा फवारायचे, हे डिस्ट्रिब्यूटरमधील संपर्कबिंदू सांगत. हा नियंत्रक अॅनालॉग होता.

१९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारींत लॅम्डा संवेदक आला. धुरात प्राणवायू कमी असेल तर तो सुमारे ०.९ व्होल्ट, जास्त असेल तर ०.१ व्होल्ट विद्युतदाब देतो. त्यामुळे ज्वलनाचा निकाल पाहून मिश्रण लगेच सुधारता येऊ लागले. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आयमधील मोट्रॉनिक या प्रणालीने इंधन आणि ठिणगी यांचा हिशेब एकाच डिजिटल नियंत्रकाकडे सोपवला. भारतात २००० च्या सुमारास, प्रदूषणाची मानके कडक होताच, पेट्रोल मोटारींतून कार्ब्युरेटर झपाट्याने हद्दपार झाला.