गिटार, वाढीव तारांची

नेहमीच्या सहा तारांना एक वा अधिक तारा जोडून सिद्ध केलेली गिटार. बारा तारांच्या गिटारीत सहा तारांच्याच जोड्या केलेल्या असल्याने ती येथे अभिप्रेत नाही.

पाश्चात्त्य संगीतात ही वाढ मुख्यतः खर्जाकडे झाली. रशियात आंद्रेई सिख्रा (१७७३–१८५०) यांनी सात तारांची गिटार रूढ केली. अमेरिकेत जॉर्ज व्हॅन एप्स यांनी जॅझ वादनात खर्जाची सातवी तार आणली. तिच्यामुळे एकाच वादकास आपली साथ आपणच करता येऊ लागली. नार्सिसो येपेस (१९२७–९७) या स्पॅनिश वादकाची दहा तारांची गिटार (१९६४) मात्र निराळ्या हेतूची होती. तिच्या वाढीव तारा न छेडताही अनुनादाने निनादत. सतारीच्या तरफांचे तत्त्व हेच होय.

भारतात वाढीव तारांचे प्रयोजन स्वरपल्ला रुंदावणे हे नव्हतेच. रागवादनास अखंड मींड व सतत निनादणारा षड्ज लागतो. पहिली गरज मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजविण्याच्या हवाई गिटारीने भागविली. पडद्यांचा अडसर तीत उरत नाही. दुसरी गरज वाढीव तारांनी भागविली. लखनौत जन्मलेले व मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नावारूपास आलेले व्हॅन शिप्ले (१९२७–२००८) यांनी आठ तारांची विद्युत् हवाई गिटार स्वतः योजली. तिच्या वाढीव तारा आधारस्वरासाठी होत्या. पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनिएल्स यांच्या साथीने त्यांनी वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय झाल्या. परंतु त्या लोकप्रियतेमुळेच या वाद्यरचनेकडे गंभीरपणे पाहिले गेले नाही, असे म्हणावे लागते. ब्रिजभूषण काब्रा यांनी चिकारीची जोड देऊन गिटार शास्त्रोक्त मैफलीत आणली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेत त्यांचे वादन आहे. विश्वमोहन भट्ट यांनी चिकारीसोबत बारा तरफा बसविल्या आणि तारांची संख्या विसाच्या घरात नेली.

या वाढीची किंमतही वाद्यास द्यावी लागली. तारांचा ताण वाढल्याने घोडी व दांडी भक्कम करावी लागते, आणि तरफा प्रत्येक रागासाठी नव्याने जुळवाव्या लागतात. आधारस्वर एकच राहिल्याने स्वरसंघात बदलत नेण्याची गिटारीची मूळची सोय जवळजवळ लोपते. भट्टांच्या वाद्यास ‘मोहनवीणा’ म्हणतात. तथापि राधिकामोहन मैत्र यांनी त्यापूर्वीच सुधारलेल्या सरोदालाही हेच नाव असल्याने दोहोंत घोटाळा होतो.